तळ्यातले मासे विषाने मेले नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'मासे मेले, विषप्रयोगाचा संशय' ही आमच्या तळ्याची कालची बातमी वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. वार्ताहराने एकदा पहाटे यायला हवं होतं. मी रोज जातो. मासे मरायच्या आधी तीन दिवस साडेपाचच्या सुमारास ते शेकड्यांनी वर येऊन आ वासत होते, ऊन चढलं की खाली जायचे. विष असतं तर दिवस उजाडल्यावर ते सावरले नसते.

पावसाने सलग तिसऱ्या वर्षी दगा दिलाय. पुरुषभर पाणी गुडघ्यावर आलंय आणि दुपारी तापतंय. शून्य अंशाला लिटरभर पाण्यात 14 मिलिग्रॅमहून जास्त प्राणवायू मावतो, 30 अंशाला जेमतेम साडेसात. त्यात पाणी आटून शेवाळ माजलंय. ते दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्रभर ओढूनच घेतं. म्हणून मासे पहाटे गुदमरतात.

हे मी पहिल्याच दिवशी कार्यालयात फोन करून सांगितलं. 'लेखी द्या.' लेखी दिलं. चौथ्या दिवशी मासे उलटे तरंगत होते. निदान ते उचला म्हणून पुन्हा फोन केला, तर 'तो विभाग वेगळा'. पाच दिवस झाले, मासे तिथेच कुजताहेत.

परवा चिखलात एक बदक दिसलं. जवळ गेलो तरी उडेना. पंखांनी स्वतःला पुढे रेटत होतं, पण मान उचलता येत नव्हती, चोच पुन्हा पुन्हा पाण्यात बुडत होती. पक्ष्यांना बॉट्युलिझम झाला की असंच होतं. तापलेल्या, प्राणवायू नसलेल्या गाळात आणि कुजक्या मढ्यांत जंतू विष तयार करतात. ते मढ्यांवरच्या अळ्यांत साठतं, अळ्या खाणारा पक्षी लुळा पडतो आणि तो मेला की त्याच्यावरही अळ्या होतात. मढी वेळेवर उचलली तरच हे थांबतं. मग कुठला विभाग उचलणार, हे कोणी तरी ठरवा!

आणखी एक. उघड्या पडलेल्या तळावर आता गाड्या उभ्या राहू लागल्यात. त्या भेगाळलेल्या चिखलात बेडूक पावसाची वाट बघत दडलेले असतात. काठावर दोन दगड आडवे टाकले तरी गाड्या अडतील.

बदक संध्याकाळी गेलं. हातमोजे घालून मीच ते लांब नेऊन खोल पुरलं. बातमीची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक