दप्तर तपासण्याआधी कलम ११ वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१० डिसेंबरचा मानवी हक्क दिन जवळ आला की शाळांना मानवी हक्कांची आठवण होते. निबंध होतात, भित्तिपत्रके लागतात. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८ साली पॅरिसमध्ये संमत झाला, कलमे ३०, बाजूने ४८ मते, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ हे सगळे मुले धडाधड सांगतात. एका गुणाच्या प्रश्नाला तेवढे पुरते. पण आठवी-नववीच्या वयात अन्यायाची चीड पुस्तकातून आणावी लागत नाही, ती मुलांपाशी असतेच. शिकवायचे ते तिथून सुरू करून.

वर्गात कुणाचे तरी पैसे हरवतात. दार लोटून सगळ्यांना दप्तरे बाकावर रिकामी करायला लावतात. एखादीच्या दप्तरातून सॅनिटरी पॅड, दुसऱ्याच्या वहीतून घडी घातलेली चिठ्ठी बाहेर पडते आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते. ‘चोर सापडेपर्यंत सगळा वर्ग उभा राहील!’ मानवी हक्कांचा याहून चांगला धडा कुठे मिळणार? दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे जाहीरनाम्याचे कलम ११. खासगी आयुष्यात मनमानी ढवळाढवळ नको, हे कलम १२. आणि ज्याचे पैसे गेले त्याचे काय? मालमत्तेचा हक्क कलम १७ मध्ये आहेच. (कलम ११ फौजदारी गुन्ह्यांविषयी आहे, वर्गातल्या चोरीविषयी नाही, हे मान्य, तत्त्व मात्र तेच.) झडती घ्यायचीच तर कुणी, कुणासमोर, कशी घ्यायची, यावर मुलांना भांडू द्या. दोन हक्क एकमेकांना आडवे येतात तेव्हा काय करायचे, हे तिथे कळते.

‘मुले हक्कच मागतील, कर्तव्ये विसरतील’ ही शिक्षकांच्या खोलीतली नेहमीची तक्रार. समाजाप्रती कर्तव्यांचा उल्लेख जाहीरनाम्याच्या कलम २९ मध्ये आहे, तोही अवश्य शिकवावा. पण गृहपाठ केला नाही म्हणून मुलाचा सर्वांदेखत पाणउतारा करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. शाळेची शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी, असे संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार कलम २८ मध्ये बजावतो. आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा मुलांचा हक्क याच कराराच्या कलम १२ मध्ये आहे. हा करार मुलांना दाखवायला आपण का कचरतो, हे उघड आहे: पहिला प्रश्न आपल्यालाच येईल.

माझी सूचना साधी आहे. नववीच्या वर्गात शाळेची नियमावली आणि ही कलमे शेजारी शेजारी ठेवावीत. कोणता नियम राहावा, कोणता बदलावा, हे मुलांनी कारणांसह लिहून मुख्याध्यापकांकडे द्यावे. मुख्याध्यापकांनी त्याला लेखी उत्तर द्यावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल, फक्त त्यात कारण असावे.

– एक निवृत्त शिक्षिका