पदवीदानानंतरच्या कौटुंबिक मेजवानीतील हेळसांडीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मेजवानीच्या व्यवस्थेतील गंभीर त्रुटी, लेखी खुलासा आणि रक्कम परत मिळणेबाबत

महोदय/महोदया,

आमच्या भाचीच्या पदवीदानानंतर ठेवलेल्या कौटुंबिक मेजवानीसाठी हॉल, जेवण, ध्वनियंत्रणा आणि छायाचित्रण ही चारही कामे आम्ही आपल्या कंपनीकडे सोपवली होती. पाहुणे 80. त्यांत वयस्कर आजी-आजोबा होते, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या मावशी होत्या, व्हीलचेअरवरचे काका होते, तान्ही बाळे होती आणि शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेला एक लहान मुलगा होता. कोण कुठल्या टेबलावर बसणार आणि कुणाला काय लागणार, याची यादी आम्ही आठवडाभर आधी ईमेलने पाठवली होती. 'नोंद घेतली आहे' असे आपले उत्तरही आले. प्रत्यक्ष कार्यक्रमात हॉलवरच्या एकाही माणसाकडे ती यादी नव्हती. पर्यवेक्षकांनी ती पहिल्यांदा पाहिली ती आमच्या मोबाइलवर. पुढे जे जे बिघडले, त्यातले बहुतेक इथूनच सुरू झाले.

पदवीदान समारंभाला एका विद्यार्थ्यामागे मोजकेच पास मिळतात. त्यामुळे कुटुंब मोठे असले की पाहुणे दोन खेपांत येतात. पास नसलेले, म्हणजे बहुतेक ज्येष्ठ आणि लहान मुलांच्या आया, थेट हॉलवर येतात. आई-वडिलांसह पदवीधर मात्र समारंभ आणि बाहेरचे फोटो आटोपून येते आणि तिला हमखास उशीर होतो. म्हणूनच हॉल तासभर आधी उघडायचा आणि गरम पदार्थ आम्ही फोन केल्यावरच मांडायचे, असे ठरले होते. झाले नेमके उलटे. दार उशिरा उघडले, ज्येष्ठ मंडळी व्हरांड्यात ताटकळली, आणि जेवण मात्र छापील वेळापत्रकाप्रमाणे 7 वाजता मांडून मोकळे झाले. पंगत बसली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते.

जेवणाबाबत सविस्तर लिहिणे भाग आहे. चेफिंग डिश गार पदार्थ गरम करत नाही. गरम आलेला पदार्थ गरम ठेवणे एवढेच तिचे काम. त्यासाठी खालच्या ट्रेमध्ये आधीच उकळते पाणी हवे, बर्नर पेटता हवा आणि झाकण लावलेले हवे. इथे ट्रेमध्ये नळाचे गार पाणी ओतले होते. दोन ट्रेमधले पाणी आटून तळ कोरडा पडला होता आणि झाकणे टेबलाखाली रचून ठेवली होती. गरम पदार्थ 60 अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवा, कारण 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात आणि अशा तापमानात अन्न दोन तासांहून अधिक ठेवू नये. आम्ही थर्मामीटर मागितला, तो कुणाकडेच नव्हता. वाढणाऱ्याला ताटाखाली हात धरून अंदाज घ्यावा लागत असेल, तर ज्येष्ठांना आणि लहान मुलांना ते अन्न विश्वासाने कसे वाढायचे?

अ‍ॅलर्जीची गोष्ट याहून गंभीर आहे. शेंगदाणा नसलेले पदार्थ वेगळ्या टेबलावर, वेगळ्या डावांसह आणि नावाच्या पाट्या लावून ठेवायचे ठरले होते. पाट्या नव्हत्याच. दाण्याचे कूट घातलेल्या पदार्थाचा डाव शेजारच्या भांड्यात गेलेला आम्हाला स्पष्ट दिसला. डावाच्या दांड्याला कूट चिकटलेले होते. भांडे वेगळे ठेवले पण डाव तोच वापरला, तर त्या वेगळेपणाला अर्थ उरत नाही. अशा मुलाला अगदी अल्प अंशही पुरतो. वाढण्याआधीच हे लक्षात आले म्हणून त्याला ते अन्न मिळाले नाही. त्याच्या आईने त्याला आपल्या डब्यातले खाऊ घातले. हा प्रकार आम्ही नजरचूक म्हणून सोडून देणार नाही.

बसण्याच्या व्यवस्थेचे गणित साधे आहे. 5 फूट व्यासाच्या गोल टेबलाचा घेर सुमारे 4.8 मीटर. त्याभोवती 8 जण बसले तर माणशी 60 सेंमी जागा मिळते, 10 बसवले तर जेमतेम 48. आम्ही 10 टेबलांचे पैसे भरले, मांडली 8, आणि प्रत्येकाभोवती 10 खुर्च्या कोंबल्या. शिवाय दोन टेबलांच्या कडांमध्ये अंतर 1.2 मीटर. दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मागे सरकल्या की 90 सेंमी त्यातच जातात. उरलेल्या 30 सेंमीतून व्हीलचेअर जाणे दूरच, वाढपीसुद्धा आडवा होऊन जात होता. व्हीलचेअरला मोकळी वाट किमान 90 सेंमी लागते. काकांना शेवटी दाराजवळ एकटे बसावे लागले, नातवंडांपासून लांब. हे सगळ्यांनाच लागले.

दारातल्या दोन पायऱ्या मिळून 30 सेंमी उंच आहेत. त्यावर दीड मीटरची फळी टाकून तिला रॅम्प म्हटले गेले. हा चढ 1:5 होतो. सुरक्षित चढ 1:12, म्हणजे 3.6 मीटर लांबी हवी. हातांच्या खुर्च्या 12 सांगितल्या होत्या, एकही आली नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना दोन्ही हातांनी रेटायला आधार लागतो, ही मागणी शोभेची नव्हती.

ध्वनियंत्रणेबद्दल थोडक्यात : स्पीकर माइकच्या मागे ठेवले, म्हणून शुभेच्छांच्या भाषणांत सतत शिट्टी वाजत राहिली. स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असतात. श्रवणयंत्र लावणाऱ्या आजींचे टेबल नेमके एका स्पीकरपुढे होते. त्यांनी यंत्र काढून ठेवले आणि नातीचे मनोगत त्यांना ऐकूच आले नाही.

सामूहिक छायाचित्र हा या मेजवानीचा मुख्य हेतू होता, कारण एवढे कुटुंब पुन्हा एका जागी कधी जमेल सांगता येत नाही. आपण दिलेल्या फाइलींमध्ये लेन्स 24 मिमी (रुंद दृश्य टिपणारी) आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, 2.8 (आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) अशी नोंद आहे. माणसे चार ओळींत उभी असताना जवळून, इतक्या उघड्या अ‍ॅपर्चरवर फोटो घेतला, तर मागच्या ओळी धूसर होण्याचा धोका असतो आणि कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात. तसेच झाले आहे. मागे सरकायला हॉलमध्ये जागा होती. 35 ते 50 मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर 8, ट्रायपॉड आणि थोडी उंची घेतली असती तर सगळे स्पष्ट आले असते. त्यात मागचा पडदा काळा आणि भाचीचा गाउनही काळा, त्यामुळे तिचा चेहरा, हात आणि पदवीची गुंडाळी तेवढी दिसते, खांदे पडद्यात विरून गेले आहेत. मागून एक दिवा लावला असता तर गाउनची कड उठून आली असती.

आमच्या मागण्या अशा :

न मांडलेली 2 टेबले, हातांच्या 12 खुर्च्या आणि रॅम्प यांची पूर्ण रक्कम परत करावी. जेवणाच्या रकमेपैकी किती परत देणार, तो हिशेब बाबवार लेखी द्यावा. 'सद्भावनेची सवलत' किंवा पुढच्या बुकिंगचे कूपन आम्हाला नको आहे.

सर्व छायाचित्रांच्या मूळ रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइली, द्याव्यात. गाउनच्या काळ्या भागातला तपशील त्यांतून काही अंशी तरी उजळता येईल. जेपीईजी या नेहमीच्या, आकुंचित केलेल्या फाइलीमध्ये तेवढा वाव उरत नाही.

अ‍ॅलर्जीची लेखी सूचना बुकिंग विभागाकडून स्वयंपाकघरापर्यंत का पोहोचली नाही, ती कोणाकडे अडली आणि यापुढे ती पोहोचेल यासाठी काय बदल केला, याचा जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचा खुलासा पाठवावा. या मुद्द्यावर फोनवरचे उत्तर चालणार नाही.

यादीचा ईमेल, आपले उत्तर, करारपत्र, टेबलांच्या मांडणीचे आणि कोरड्या ट्रेचे वेळेसह फोटो सोबत जोडले आहेत. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास याच कागदपत्रांसह ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागू.

आपले,
बुकिंग केलेले कुटुंबीय

सोबत : वरीलप्रमाणे