बाबांच्या त्या प्रश्नावर

प्रिय आई आणि बाबा,

जय ख्रिस्त. फोनवर बोलणं अर्धवटच राहतं, बाबांना नीट ऐकू येत नाही आणि मग मी काय म्हणाले ते आई त्यांना परत सांगत बसते, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाच, घाई करू नकोस, दोन बैठकांत वाचलंस तरी चालेल.

बाबा, त्या दिवशी मी तुमची नखं कापत होते आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून जे बोललात ते डोक्यातून जातच नाहीये. देव माणूस झाला हे मी जन्मभर मानलं, पण तो म्हातारा कुठे झाला, त्याला लोकांची नावं विसरणं काय माहीत, दुसऱ्याने अंघोळ घालणं काय माहीत, असं म्हणालात. मी काहीच बोलले नाही. करंगळीचं नख राहिलं होतं ते कापलं आणि उठून गेले, आत जाऊन रडले. तेव्हापासून रोज वाचतेय, विचार करतेय, प्रार्थना पण करतेय याच्यावर.

आणि बाबा, हा प्रश्न फार जुना आहे. दुसऱ्या शतकात इरेनियस नावाचा बिशप होऊन गेला, त्याने लिहून ठेवलंय की येशू बाळांसाठी बाळ झाला, मुलांसाठी मूल, तरुणांसाठी तरुण आणि म्हाताऱ्यांसाठी म्हातारासुद्धा. योहानाच्या शुभवर्तमानात लोक येशूला म्हणतात ना की तुला अजून पन्नास वर्षंही झाली नाहीत, त्यावरून इरेनियसने येशूचं वय पार पन्नाशीच्या जवळ नेलं. चर्चने ते काही धरलं नाही, लूकने त्याच्या शुभवर्तमानात लिहिलंच आहे की सेवा सुरू केली तेव्हा तो सुमारे 30 वर्षांचा होता. हिशोब चुकला त्याचा. पण मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली, कारण म्हातारी माणसं बाहेर राहिली तर देव माणूस झाला असं कसं म्हणायचं हेच त्याला टोचत असणार.

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, येशू म्हातारा झाला नाही. पण दुसऱ्याच्या हातात असणं त्याला माहीत होतं. गव्हाणीतलं बाळ आपण इतकं गोड करून टाकलंय की मूळ वाक्य कानावरून निघून जातं, बाळंत्याने गुंडाळलं असं लिहिलंय, म्हणजे कुणीतरी गुंडाळलं, त्याला मान धरता येत नव्हती, कूस बदलता येत नव्हती, ओलं झालं तरी रडण्याशिवाय काही करता येत नव्हतं. शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली, हे तुम्हीच मला लहानपणी पाठ करून घेतलंत. देही झाला म्हणजे हेच की बाबा. रात्री तुम्हाला कूस बदलायला आईला हाक मारावी लागते तेव्हा तुम्हाला लाज वाटते, ती मला दिसते. देवाने ही लाज वाटण्यासारखी जागा टाळली नाही, सुरुवातच तिथून केली.

आई, हे तुझ्यासाठी पण आहे. 431 साली एफेससला मोठी धर्मपरिषद भरली होती, येशूच्या आईला, मरियेला, देवाची आई म्हणायचं की नुसती ख्रिस्ताची आई म्हणायचं यावरून वाद होता, आणि परिषदेने सांगितलं की देवाची आई म्हणायचं, कारण तिच्या पोटी आला तो एकच आहे, अर्धा देव अर्धा माणूस असे दोन नाहीत. मग तिने जे धुतलं, पुसलं, भरवलं ते सगळं देवाचंच केलं ना. तू रात्री दोन दोन वेळा उठतेस तेव्हा मला हे आठवतं.

नावं विसरण्याबद्दल. अपोलिनारियस म्हणून एकजण होता, तो म्हणायचा की येशूचं शरीर माणसाचं पण मन माणसाचं नाही, मनाच्या जागी देवच. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने ते साफ नाकारलं, आणि नाझियान्झसच्या ग्रेगरी या बिशपने अपोलिनारियसच्या विरोधात जे लिहिलं त्याचा अर्थ असा की जे येशूने स्वतःवर घेतलंच नाही ते बरंही झालं नाही. मी हे वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले. येशू काही विसरला असं कुठे लिहिलेलं नाही, मी तसं म्हणणार पण नाही. पण तो ज्ञानाने वाढत गेला असं लूक सांगतो, आणि जगाच्या त्या शेवटच्या दिवसाबद्दल तो स्वतः म्हणाला की तो दिवस पुत्रालाही, म्हणजे त्यालाही, ठाऊक नाही. म्हणजे शिकावं लागणारं, काही गोष्टी ठाऊक नसलेलं आपल्यासारखंच मन त्याने घेतलं. तुमचं मन पण त्यात आलं बाबा, आज आहे तसं.

आणि एक राहिलंच. पुनरुत्थानानंतर, म्हणजे मरणातून उठल्यावर, येशू त्याच्या शिष्याला, पेत्राला, सांगतो की तू म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील, दुसरा कुणी तुझी कंबर बांधेल आणि तुला नको तिथे नेईल. योहान म्हणतो हे पेत्राच्या मरणाबद्दल होतं, असेल, तरी म्हातारपण कसं असतं ते किती बारकाईने बोललाय बघा. बोलताना त्याच्या हातांना खिळ्यांचे व्रण होते, थोडेच दिवस आधी थोमा या शिष्याला दाखवले होते ते. देह त्याने अंगरख्यासारखा काढून ठेवला नाही, व्रणांसकट स्वर्गात घेऊन गेला, आपण मानतो तो अजूनही माणूस आहे.

एवढंच सुचलं मला. तुमचं समाधान झालं नसेल तर तसं सांगा, तुम्ही मला प्रश्न विचारायला शिकवलंत, गप्प बसू नका आता. बुधवारी येतेय, नवीन नेलकटर आणते, घरातलं बोथट झालंय आणि त्या दिवशी अंगठ्याला लागलं होतं तुम्हाला, तुम्ही बोलला नाहीत पण मी बघितलं. या वेळी भिंतीकडे तोंड करायचं नाही, माझ्याकडे बघून बोलायचं.

तुमची,
बाळी