मंत्रीसाहेब, मोफत नेमकं काय आहे ते एकदा सांगून टाका

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार. तुम्ही कामात असाल, जास्त वेळ घेत नाही असं लिहिणार होते पण घेणार आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डवर यादी लागली. ज्यांची फी बाकी आहे त्यांना चौथ्या सेमिस्टरचं हॉल तिकीट नाही. यादीत मी आहे. म्हणजे तीच मी जिची फी तुमच्या सरकारने माफ केलेली आहे. ८ जुलै २०२४ चा जीआर, पीडीएफ माझ्या मोबाईलमध्ये आहे, आता पाठच झालाय. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुली, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, व्यावसायिक कोर्स, कॅप राउंडमधून म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून ॲडमिशन, आधी ५० टक्के होतं ते आता १०० टक्के शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरणार, २०२४-२५ पासून. मी त्याच वर्षी बीएस्सी नर्सिंगला आले. सीईटी दिली, कॅपमधूनच आले, नॉन क्रिमीलेयरसकट सगळे दाखले दिले.

ऑफिसमधले सर म्हणतात सरकारचे पैसे आले की परत देऊ, तोवर भर. मी म्हटलं सर जीआर आहे. ते म्हणाले जीआर मला नको दाखवू, सरकारला दाखव. म्हणून दाखवतेय.

पोर्टलवर अर्ज आहेच. कधी कॉलेज लेव्हलला पेंडिंग, कधी त्याच्या वरच्या लेव्हलला, मधेच येतं की बँक खातं आधारला लिंक नाही, बँकेत गेलं की तिथली मॅडम स्क्रीन फिरवून दाखवते की हे बघ लिंक आहे, आणि हेल्पलाइनला फोन लावला तर गाणं वाजतं. पहिल्या वर्षीची फी पप्पांनी भरली. तेव्हा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, तुमच्याच लोकांनी जाहीर केलेला, आणि आडतीवर सव्वाचार हजारांच्या वर कुणी बोलायला तयार नव्हतं, तरी घातलं कारण ॲडमिशनची तारीख होती. ते पैसे अजून आलेले नाहीत आणि आता दुसऱ्या वर्षाचे मागतायत. आई म्हणाली मंगळसूत्र आहे ना. मी नाही म्हटलं तर ती चिडली, तुमच्यावर नाही, माझ्यावर. तिला वाटतं सरकारने तर पैसे दिलेत, टीव्हीवर सांगितलं, मग मीच कुठेतरी कागद चुकवला असणार. साहेब, नोटिशीपेक्षा हे जास्त लागलं.

तिला लाडकी बहीणचे १५०० येतात. ते माझ्या मेसला जातात कारण तुमच्या मोफतमध्ये मेस नाही, होस्टेल नाही, कॉलेजची बस नाही, युनिफॉर्म नाही. आता आई तुमची बहीण म्हणजे मी तुमची भाची झाले ना? मामाच्या राज्यात भाचीचं हॉल तिकीट अडकलंय, तेवढं बघा.

आणि मी या काळात काय करत होते तेही सांगते, कारण तुम्हाला वाटेल पोरगी घरी बसून पत्रं लिहिते. पूर्वी ज्या विषयाला मेडिकल सर्जिकल नर्सिंग म्हणायचे, २०२१ च्या नव्या सिलॅबसमध्ये त्याचं ॲडल्ट हेल्थ नर्सिंग झालं. त्यात तिसऱ्या सेमिस्टरला ४८० तास क्लिनिकल, म्हणजे वॉर्डात पेशंटजवळ, चौथ्याला परत ४८० तास. कागदावर हे शिकायचे तास आहेत, दहा विद्यार्थ्यांमागे एक टीचर असा नियम आहे. आमच्याकडे ट्यूटर मॅडम सह्यांपुरत्या येतात. मेल मेडिसिन वॉर्ड, बेड फुल, खाली गाद्या टाकलेल्या, स्टाफ म्हणजे एक सिस्टर आणि एक ब्रदर, बाकी सगळे आम्ही. सकाळी बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, शुगर, मग रायल्स ट्यूबचं, म्हणजे नाकातल्या नळीतून, फीडिंग, इनटेक-आउटपुट म्हणजे पोटात किती गेलं, बाहेर किती आलं त्याची नोंद, पॅरालिसिसच्या आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, मधेच सॅम्पल घेऊन लॅबला पळायचं, तिथून ब्लड बँकेत, वॉर्डबॉय मामा नसले तर ट्रॉली पण आम्हीच ढकलायची. सिस्टर सलाईन संपलंय, सिस्टर सलाईन संपलंय. अहो मी अजून सिस्टर झाले नाही. ट्रॅकिओस्टॉमी केअरवर (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीची निगा) माझ्या लॉगबुकात सही आहे, मी ती लांबून बघितलीय, कारण तेव्हा शेजारच्या चार पेशंटचं बीपी माझ्याकडे होतं. संध्याकाळी रूमवर येऊन केअर प्लॅन लिहायचा, नर्सिंग डायग्नोसिस, गोल, इंटरव्हेन्शन, रॅशनॅल म्हणजे ते का केलं, पाय भिंतीला टेकवून लिहिते कारण सुजलेले असतात.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे, टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या हॉस्पिटलात पाचामागे एक, आणि वर ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजेवरच्यांच्या जागी जादा नर्सेस. हे मी आमच्या इनचार्ज सिस्टरना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की चहा सांडला.

मग मला सांगा, या सगळ्यात मोफत कोण काय देतंय? तुम्ही मोफत शिक्षण जाहीर केलं, पैसे पप्पांनी भरले. हॉस्पिटलने स्टाफ भरला नाही, ड्युटी आम्ही केली, त्याचा रुपया नाही. उलट ते काम करता यावं म्हणून आम्हीच फी भरायची. आणि एक दिवस दांडी मारली तर क्लिनिकलची हजेरी १०० टक्के झाल्याशिवाय डिग्री नाही, तो नियम मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

१२ मेला, नर्सेस डेला, दरवर्षी कुणीतरी साहेब येतात, दिवा लावतात, फ्लॉरेन्स नाइटिंगेलवर बोलतात, परिचारिका म्हणजे देवदूत वगैरे. ती बाई नुसती दिवा घेऊन फिरत नव्हती. लष्कराच्या दवाखान्यांत माणसं कशाने मरतात त्याचे आकडे काढून तिने त्या वेळच्या मंत्र्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. ते भाषणात कधी येत नाही.

केंद्राचं पण तेच. २६ एप्रिल २०२३ ला कॅबिनेटने १५७ नवीन नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, १,५७० कोटी, २४ महिन्यांत पूर्ण. ते २४ महिने एप्रिल २०२५ ला संपले. आणि समजा सगळी झाली, तिथून निघालेल्या मुली जाणार कुठे? सुप्रीम कोर्टाने सांगितल्यावर समिती बसली, २०१६ मध्ये तिने म्हटलं की अगदी ५० खाटांच्या आतल्या प्रायव्हेट हॉस्पिटलातही नर्सला २० हजारांच्या खाली पगार नको. माझी सिनियर, डिग्री, रजिस्ट्रेशन सगळं आहे, हातात १० हजार. सरकारीत जावं तर कंत्राट. मे २०२२ मध्ये राज्यातल्या नर्सेस संपावर गेल्या ते बाहेरच्या कंपनीकडून भरती नको म्हणूनच. भंडाऱ्याला जानेवारी २०२१ मध्ये बाळांच्या युनिटला आग लागून १० बाळं गेली तेव्हा कारवाईत कंत्राटी नर्सेस पण होत्या. म्हणजे पर्मनंट करायला नर्स सापडत नाही, जबाबदार धरायला लगेच सापडते.

आता जर्मनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केलात, इथून कुशल मनुष्यबळ पाठवायचं, त्यात नर्सेस आहेत. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली यूट्यूबवर जर्मन भाषेचं देर-दी-दास करतायत. जाऊ की. पण साहेब, हॉल तिकीट असेल तर परीक्षा देऊ, परीक्षा दिली तर पास होऊ, पास झालो तर जर्मनी.

मागणं फार नाही. फीचे पैसे कॉलेजला कधी येणार ती तारीख सांगा, आणि तोवर या योजनेतल्या मुलींचं हॉल तिकीट अडवायचं नाही अशी एक ओळ सगळ्या कॉलेजांना काढा, व्हॉट्सॲपवर आली तरी चालेल, आमच्या ऑफिसवाले सर व्हॉट्सॲप लगेच बघतात. वॉर्डातल्या रिकाम्या पोस्टबद्दल परत लिहीन, आत्ता नाइटला जायचंय.

आपली,
बीएस्सी नर्सिंग, दुसरं वर्ष
(नाव लिहीत नाही. प्रत्येक पेपरला २५ मार्क इंटर्नलचे कॉलेजच्या हातात असतात.)