वहीतल्या ओळीवर बोट ठेवणाऱ्या आजींस

सादर नमस्कार.

मला तुमचे नाव ठाऊक नाही. शनिवारी, 18 ऑगस्टच्या रात्री, स्टर्लिंगच्या किल्ल्याखालील मैदानातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत आपली चुकामूक झाली आणि नीट निरोप घेणेही राहून गेले. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. ते मराठीत लिहितो, कारण जे सांगायचे आहे ते मला घरच्या भाषेतच मनापासून सांगता येईल. स्कॉटलंडमध्ये राहणारे एखादे मराठी माणूस ते वाचून तुमच्यापर्यंत पोहोचवील, अशी मला आशा आहे.

त्या संध्याकाळी मी प्रवेशद्वाराबाहेर का उभा होतो, हे तुम्ही मला विचारले नाही. इंग्रजीबरोबरच गॅलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत गाणाऱ्या रनरिग या स्कॉटिश रॉक बँडचा तो शेवटचा कार्यक्रम होता. 1973 मध्ये ग्लासगोच्या केल्विन हॉलमध्ये नाचाच्या समारंभासाठी वाजवणारी मंडळी म्हणून ज्यांनी सुरुवात केली, ते कॅलम आणि रोरी मॅकडोनाल्ड हे बंधू पंचेचाळीस वर्षांनंतर आपल्या साथीदारांसह रंगमंचाचा निरोप घेणार होते. मी छापील किमतीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजून एका मध्यस्थ कंपनीकडून तिकीट घेतले होते आणि ते निरुपयोगी निघाले. त्या कंपनीच्या माणसाने फोनवर मला तक्रारीचा क्रमांक दिला, पण दिलगिरीचा एक शब्द दिला नाही. याहूनही जिव्हारी लागले ते रांगेतल्या एका गृहस्थांचे वागणे. त्यांच्याजवळ एक जादा तिकीट होते. ते देण्याआधी त्यांनी मला रनरिगच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांची नावे विचारली. मी ती सांगितली, तरीही ‘तुमच्या लोकांना ही गाणी कशी काय आवडतात?’ असे विचारून त्यांनी ते तिकीट दुसऱ्याला देऊन टाकले. एखाद्या गाण्यावर प्रेम करण्यासाठी आधी आपल्या जन्मगावाचा दाखला द्यावा लागतो, अशी त्यांची समजूत असावी.

तुम्ही हे सारे ऐकले असणार, कारण त्यानंतर लगेच तुम्ही माझ्याजवळ आलात. ‘हे माझ्या नवऱ्याचे तिकीट आहे. तो या वसंतात गेला. चला माझ्याबरोबर,’ एवढेच तुम्ही म्हणालात. मी पैसे पुढे केले, तेव्हा तुम्ही माझा हात हळूच मागे सारलात. ते तिकीट तुमच्यासाठी काय होते, याची मला कल्पना आहे, आणि त्याची परतफेड होऊ शकत नाही हेही मी जाणतो. तरीही माझ्या मनात सर्वांत खोल रुतून बसलेली गोष्ट ते तिकीट नाही.

आत गेल्यावर काही वेळाने पहिले गॅलिक गाणे सुरू झाले. माझ्या आजूबाजूचे सगळे गात होते आणि मी, ज्याला चाल पाठ होती पण शब्द येत नव्हते, तोंड मिटून उभा होतो. तेव्हा तुम्ही पिशवीतून एक जुनी, निळ्या पुठ्ठ्याची वही काढलीत. तुमच्या हस्ताक्षरात गाण्याची एक ओळ गॅलिकमध्ये आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत तिचा इंग्रजी अर्थ, अशी पानेच्या पाने त्या वहीत भरलेली होती. तुमचे यजमान दक्षिणेकडचे, त्यांना गॅलिक येत नव्हते, आणि दोघांना बरोबर गाता यावे म्हणून तुम्ही ती वही लिहिली होती, हे तुम्ही मला नंतर सांगितलेत. त्या क्षणी मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत. मोबाईलचा दिवा लावून वही माझ्यापुढे धरलीत आणि गाणे जसजसे पुढे सरकत होते तसतसे शब्दाखालून बोट फिरवत राहिलात. पोथी वाचायला बसवलेल्या नातवंडासाठी आमच्याकडच्या आजी ओवीवर बोट ठेवतात, अगदी तसे. तुम्हाला स्वतःला त्या वहीची काहीही गरज नव्हती. तुमची नजर रंगमंचावर होती, ओठांवर गाणे होते आणि बोट माझ्यासाठी ओळीवर होते. गाणे बदलले की तुम्ही न पाहता नेमके पान उघडत होतात. मी चुकत, अडखळत, पण मोठ्याने गायलो, आणि माझ्या उच्चारांकडे तुम्ही एकदाही वळून पाहिले नाहीत.

मधल्या वेळात तुम्ही सांगितलेत की तुमचे बालपण स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील नॉर्थ यूइस्ट बेटावर गेले. घरात सगळे गॅलिक बोलायचे आणि शाळेत मात्र सगळे इंग्रजीत चालायचे. 1872 च्या शिक्षण कायद्याने स्कॉटलंडभर शाळा सक्तीच्या केल्या, पण त्यात गॅलिकला जागाच दिली नाही, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या मनात आपली भाषा म्हणजे मागासलेपण, असे भरवले गेले. 2011 च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे साठ हजारही उरले नव्हते. हे लक्षात घेतले म्हणजे रनरिगने 1978 मध्ये आपली पहिलीच ध्वनिमुद्रिका संपूर्ण गॅलिकमध्ये काढली, यात केवढे धाडस होते ते कळते. ड्रम्स आणि इलेक्ट्रिक गिटारच्या साथीने आपल्या आईची भाषा ऐकू आली, तेव्हा बेटावरची तरुण मुले ताठ मानेने चालू लागली, असे तुम्ही म्हणालात. पुढे 1995 मध्ये त्यांचे ‘अन उवल अस आर्द’ हे गाणे ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 18 व्या क्रमांकावर पोहोचले. पहिल्या वीसांत आलेले ते पहिले गॅलिक गाणे होते. माझ्या मते रनरिगचे सर्वांत मोठे काम हेच आहे, आणि त्यांनी गायलेल्या ‘लॉख लोमंड’ या जुन्या स्कॉटिश गाण्याची अफाट लोकप्रियता त्यानंतर येते, जरी इथल्या लग्नांमध्ये शेवटी सगळे वऱ्हाड त्याच गाण्यावर फेर धरत असले तरी.

त्यांच्या गाण्यांत परक्याला नेहमीच जागा होती. आधीचे मुख्य गायक डॉनी मन्रो राजकारणात उतरण्यासाठी बाहेर पडल्यावर 1998 मध्ये कॅनडाच्या केप ब्रेटन बेटावरचे ब्रूस गुथ्रो मुख्य गायक म्हणून आले, आणि श्रोत्यांनी त्यांना वीस वर्षे आपलेच मानले. डेन्मार्क आणि जर्मनीतून माणसे बसगाड्या भरून येत, तेव्हा त्यांना कोणी वंशावळ विचारली नव्हती. अंतराळवीर लॉरेल क्लार्क यांनी कोलंबिया यानातून रनरिगची एक सीडी सोबत नेली होती. फेब्रुवारी 2003 मधील त्या भीषण अपघातानंतर ती अवशेषांत सापडली आणि त्यांच्या कुटुंबीयांनी ती या मंडळींच्या हाती सोपवली. जी गाणी अमेरिकेतल्या एका स्त्रीला पृथ्वीबाहेर सोबत न्यावीशी वाटली, ती साताऱ्याच्या माणसाला का आवडतात, हा प्रश्न मुळात पडायलाच नको होता. तुम्हाला तो पडला नाही.

सभ्यता म्हणून आपण ज्याला मान देतो ते बरेचदा गोड बोलणे आणि रीतसर वागणे असते. मला क्रमांक देणारा तो फोनवरचा माणूस अतिशय रीतसर बोलत होता. तुमची सभ्यता वेगळी होती. दुःख इतके ताजे असताना, ज्या माणसासाठी ती वही लिहिली त्याच्या जागी एक अनोळखी माणूस उभा असताना, तुम्ही ती उघडलीत, आणि मी उपकाराखाली दबू नये म्हणून त्याबद्दल अवाक्षरही काढले नाहीत. माझी दखल घेऊन, मला अवघडू न देता, तुम्ही मला तुमच्या भाषेत सामावून घेतलेत. असे वागणे शिकवून येते की नाही, मला सांगता येणार नाही. पण ते पाहिलेल्या माणसाला आपल्या वागण्याकडे पूर्वीसारखे बेफिकिरीने पाहता येत नाही.

माझ्या घरी सगळ्यांना हा प्रसंग सांगून झाला आहे. साताऱ्याला आईला फोनवर सांगितला, तेव्हा तिने तुमच्या यजमानांचे नाव विचारले, कारण तिला देवापुढे दिवा लावताना त्यांची आठवण काढायची होती. मला तेही सांगता आले नाही.

ऑक्टोबरमध्ये डनूनला रॉयल नॅशनल मॉड भरणार आहे. गॅलिक गाण्यांचा एवढा मोठा उत्सव असल्याने तुम्ही तिथे याल, असे मला वाटते, आणि मी नक्की येणार आहे. भेट झाली तर तुमचे आणि तुमच्या यजमानांचे नाव मला सांगा, आणि तिकिटाचे पैसे घेतले नाहीत तरी निदान चहाचे मला देऊ द्या.

आपला कृतज्ञ,
ग्लासगोत राहणारा एक मराठी श्रोता
ऑगस्ट 2018