जोडी लावण्याआधी

ठाणे,
१८ ऑगस्ट

प्रिय निलेश,

तुझं पत्र मिळालं. मादी दीड किलोच्या वर गेली, आता थंडीत बॉल पायथनची, तुझ्या त्या पाळीव आफ्रिकी अजगरांची, जोडी लावू का, असं विचारतोस. उत्तर फोनवर दोन शब्दांत देता आलं असतं. पण यंदा आमच्या घरात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय 'हो' किंवा 'नको' म्हणवत नाही.

आमच्या मादीने मार्चअखेरीस सहा अंडी घातली. पहाटे बघतो तर अंड्यांभोवती वेटोळं घालून, वर डोकं टेकवून बसलेली. तिच्या कवेतून अंडी सोडवताना हात थरथरत होते. पण अंडी राखत बसली की ती दोन महिने तोंडात काही घेत नाही, आणि तिचं वजन आधीच उतरलेलं. अंडी चामड्यासारखी मऊ, एकमेकांना चिकटलेली. प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण केली, कारण अंडं उलटलं तर आतला जीव दगावू शकतो. थर्माकोलची पेटी, आत ओलसर वर्मिक्युलाईट (ओल धरून ठेवणारी खनिजाची भुसभुशीत भर), तापमान ३१-३२ अंश. काही दिवसांनी अंधारात टॉर्च धरला. पाच अंड्यांत लाल शिरांचं जाळं दिसलं. सहावं नुसतंच पिवळं. पुढे त्याला बुरशी आली.

पेटी गरम कशी ठेवायची हे सगळेच सांगतात. ठाण्यात मे महिन्यात चिंता असते ती गार ठेवण्याची! एका दुपारी चार तास लाईट गेली आणि पेटीतला पारा ३४ वर चढला. आईने फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. त्या पेटीला बाहेरून लावायच्या, दर दहा मिनिटांनी बदलायच्या. दोघंही घामाने निथळत होतो. नागपंचमीला विळी-तवा न धरणारी माझी आई, सापांच्या खाण्याचे उंदीर ठेवायला वेगळा फ्रीज घेईपर्यंत माझ्याशी नीट बोलत नव्हती. त्या दुपारी मात्र 'आता किती झालं रे?' एवढंच विचारत राहिली.

५७व्या दिवशी पहिल्या अंड्याला चीर पडली. नाकाच्या टोकावरच्या इवल्या दाताने पिल्लू कवच कापतं. आधी चिकट द्रव, मग एक बुडबुडा, मग दोन नाकपुड्या. डोकं बाहेर काढून ते दीड दिवस तसंच बसून होतं. अशा वेळी ओढून काढायचा मोह अजिबात करायचा नाही. उरलेला बलक ते पोटात घेत असतं. पाचही पिल्लं धडधाकट निघाली. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

खरी कसोटी त्यानंतर लागली. पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं खात नाहीत. त्यानंतर चौघांनी खाल्लं, पाचवं महिनाभर तोंड फिरवत होतं. शिवाय कागदपत्रं. या जातीची नोंद मी २०२० च्या, विदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करायच्या सरकारी योजनेत केली होती. आता २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी लागते, आणि पिल्लं झाली की तेही कळवावं लागतं. तू तुझी कागदं तपासली आहेस ना? ती नसतील तर जोडीचा विषयच काढू नकोस. आणि कुणी देशी अजगर, मांडूळ किंवा चांदणी कासव 'स्वस्तात देतो' म्हणालं, तर दार लाव. तो सरळसरळ गुन्हा आहे.

पिल्लं मागायला नऊ जण आले. एकाला वाढदिवसाच्या पार्टीत गळ्यात घालायला हवं होतं. दुसरा विचारत होता, 'स्पायडर आहे का?' 'स्पायडर' ही या सापांतली एक नक्षी; तसल्या सापांचं डोकं डुगडुगतं, कधी कधी ते उलटंपालटं होतात. दोष जनुकातच असतो. रंगासाठी असा जीव मुद्दाम जन्माला घालणं मला पटत नाही. उरलेल्यांपैकी बहुतेकांना हे जनावर वीस-तीस वर्षं जगतं हेच ठाऊक नव्हतं. कंटाळा आला की काय करणार? येऊरच्या जंगलात सोडणार? शहरांतल्या तळ्यांत लाल कानाची परदेशी कासवं अशीच पोहोचली.

दोनच पिल्लं दिली, दोन्ही घरं स्वतः बघून आलो. तिघं माझ्याकडेच आहेत. म्हणजे तीन पेट्या, तीन थर्मोस्टॅट, आणि दर आठवड्याला वजनाची वही. तुला यातून थोडी कमाई होईल असं वाटतंय, पण माझा खर्चही निघालेला नाही. त्याचं मला दुःख नाही. पण पाचवं पिल्लू पहिल्यांदा उंदरावर झेपावलं त्या रात्री ठरवलं, पुन्हा जोडी लावायची नाही.

म्हणून या थंडीत तुझी जोडी वेगवेगळी ठेव. मादीला धड वाढू दे. आणि दिवाळीआधी वहिनींना घेऊन दोन दिवस ये. पाचव्याला हातात घेऊन बघ. आता त्याचं वजन १२० ग्रॅम झालंय.

तुझा,
संजय

ता.क. येताना आईसाठी कोल्हापुरी गूळ आण. तिने खास सांगितलंय.