काकूंचे हात

सातारा, रविवार

प्रिय मंद्या,

तुझ्या चित्राचा फोटो मिळाला. काकूंचा चेहरा झकास उतरलाय. पण मांडीवरचा हात? पाच भेंड्या चिकटवल्यात तू. रागावू नकोस, माझ्याही वह्या अशाच भेंड्यांनी भरल्या आहेत. एलिमेंटरीच्या स्मरणचित्रात आपण काय करायचो आठवतं ना? प्रत्येक माणसाचे हात पिशवीमागे, नाहीतर पाठीमागे. अख्ख्या भाजीमंडईत एकालाही पंजा नाही!

तू बोटांपासून सुरुवात करतोस, तिथेच गाडी अडते. आधी तळहाताचा जाडसर चौकोनी तुकडा काढ, मनगटाकडे जरा निमुळता. अंगठ्याचा गड्डा त्याला बाजूने वेगळा बसव. मग मुठीच्या चार उंचवट्यांवरून एक कमान ओढ, करंगळीकडे चांगली उतरणारी. तिथे सरळ रेघ मारलीस की हाताचं दंताळं होतं. पुढच्या सांध्यांनाही तशीच कमान.

आता तुझा उजवा हात समोर धर (तू डावखुरा, तेव्हा तोच रिकामा). मागच्या बाजूने मधलं बोट मुठीच्या हाडापासून मोज, जवळजवळ अर्धा पंजा भरेल. हात उलटा कर. तेच बोट आखूड! हाड तेवढंच आहे रे, पण तळव्याच्या बाजूला बेचक्याची कातडी पहिल्या पेराच्या साधारण मध्यापर्यंत चढलेली असते. एवढं कळायला माझ्या दोन वह्या गेल्या. तुझ्या चित्रात हात पालथा आहे आणि बोटं तळव्याच्या मापाची, म्हणून ती खुंटलेली दिसतात.

मनगट धरून पंजात २७ हाडं, त्यातली १४ बोटांची: अंगठ्याला दोन, बाकीच्यांना तीन-तीन. पाठ करू नकोस, बोट कुठे वाकतं तेवढं बघ. ते रबरी नळीसारखं वळत नाही, सांध्याशी मोडतं. म्हणून पेरं आधी खोक्यांसारखी काढ, गोलाई मागाहून. आणि हात पालथा ठेवला की चार नखं छताकडे बघतात, अंगठ्याचं मात्र तिरकं. तू पाचही एका रांगेत बसवलीस.

आखणी एचबी पेन्सिलीने, अगदी हलकी. सावलीला २बी. ४बी फक्त दोन बोटं चिकटतात त्या फटीत. सगळ्या हाताभोवती काळी रेघ फिरवायची सवय सोड. उजेड एकाच बाजूने येऊ दे, दिवा नाहीतर खिडकी. आणि बोटाने घासून काजळ फासू नकोस, बाबा! जर्मन चित्रकार ड्यूररने १५०८ साली काढलेले जोडलेले हात नेटवर सापडतील. ते निळ्या कागदावर ब्रशने केलेत, पण पांढऱ्या रंगाने उजेड कुठे कुठे ठेवलाय ते निरखून बघ.

रोज दहा मिनिटं पुरे. सुरुवातीला कपाचा कान धरलेला हात काढ. मोकळा हात पाहुण्यासारखा अवघडून बसतो, कामातला हात बरा.

काकूंच्या सुरकुत्या एकेक रेघेने मोजत बसलास, त्यामुळे त्या नव्वदीच्या वाटतात. त्यांना दाखवू नकोस अजून! उलट अंगठ्यावरचा विळीचा वण राहिलाच. हे चित्र खोडू नकोस, नवा कागद घे. त्या दुपारी वाती वळायला बसल्या की समोर बस, आणि झालं की फोटो पाठव.

तुझा,
अव्या